वाचकांचे प्रश्न : छोट्या ट्रान्समीटरचा पल्ला आणि अँटेना

घरी जुळवलेला ट्रान्समीटर चालू होतो, मीटरचा काटा हलतो, पण आवाज तालुक्याबाहेर जात नाही, अशा आशयाची पत्रं या वेळी बरीच आली. त्यांतले निवडक प्रश्न खाली घेतले आहेत. हॅमच्या म्हणजे हौशी रेडिओच्या पट्ट्यांवर बोलायला केंद्राच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो आणि त्यासाठी एएसओसी (हौशी केंद्रचालकाच्या प्रमाणपत्राची) परीक्षा द्यावी लागते. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की ती देता येते. परवाना हातात येईपर्यंत अँटेना उभारून ऐकण्याचा सराव करा, तोही पुढे कामाला येतो.

प्रश्न : ७ मेगाहर्ट्झवरचा बिटएक्स संच घरी जुळवला आहे. ७ वॅट मिळतात. डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन बाहूंची तार) गच्चीच्या कठड्यांना बांधून अडीच मीटर उंचीवर आडवा सोडला आहे. पुण्या-मुंबईची केंद्रं मला छान ऐकू येतात, मी त्यांना जेमतेम. ५० वॅटचा लिनियर अँप्लिफायर (शक्ती वाढवणारं यंत्र) जोडू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आत्ता नको. ७ वॅटचे ५० केले तर वाढ होते साडेआठ डेसिबल. समोरच्याच्या एस-मीटरवरचं (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या काट्यावरचं) एक घर साधारण ६ डेसिबलचं, म्हणजे काटा दीडच घर वर सरकेल. तेही फक्त तुमचा आवाज जाताना, ऐकताना त्या पैशांचा काहीच उपयोग नाही. अँटेना सुधारली तर दोन्हीकडून फायदा होतो.

तुमचं नुकसान गच्चीत होतं आहे. स्लॅबमधल्या सळ्या आणि ओलसर काँक्रीट अडीच मीटरवरच्या तारेची बरीच शक्ती उष्णतेत घालवतात. ७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ४२ मीटर, त्यापुढे अडीच मीटर उंची म्हणजे तार जमिनीवर ठेवल्यासारखीच. मधला बिंदू गच्चीपासून ८ मीटरवर न्या आणि दोन्ही बाहू उतरते सोडा, म्हणजे उलटा व्ही करा. त्यासाठी ६ मीटरचा जीआय पाइप आणि त्यात घट्ट बसवलेला अडीच मीटरचा बांबू पुरतो. मात्र त्याला तीन बाजूंनी ताण द्यायलाच हवा. बाहूंमधला कोन १२० अंशांचा ठेवलात तर १० मीटरचा बाहू टोकाशी ५ मीटर खाली येतो, टोकं गच्चीपासून ३ मीटरवर राहतात आणि दोन टोकांमधलं अंतर सुमारे साडेसतरा मीटर भरतं. गच्ची तेवढी लांब नसेल तर टोकाची नायलॉन दोरी खाली अंगणातल्या झाडाला न्या. कोन ९० अंशांपेक्षा कमी करू नका, दोन्ही बाहू एकमेकांचं काम खोडायला लागतात. टोकांशी व्होल्टेज सर्वांत जास्त असतं. ७ वॅटलाही बोटाला चटका बसतो, म्हणून मुलांचा हात पोचेल इतकी खाली ती आणायची नाहीत.

तार घरच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची चालते. एकूण लांबीचं सूत्र, १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. ७.१ साठी २०.१ मीटर येतात, म्हणजे प्रत्येक बाहू १० मीटर आणि थोडा. सुरुवात मात्र १०.४ मीटरने करा. पीव्हीसीचं आवरण, जवळचा लोखंडी कठडा, पाण्याची टाकी हे सगळं अनुनादाची वारंवारता (जिथे अँटेना सर्वांत चांगली जुळते ती) खाली ओढतं आणि किती ओढेल ते सूत्र सांगत नाही. अँटेना वर चढवून मोजा. समजा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे काहीच परत नाही) सर्वांत कमी ६.८५ ला आला, तर नवी लांबी म्हणजे जुनी लांबी गुणिले ६.८५ भागिले ७.१. म्हणजे १०.४ चे १०.०३ झाले, प्रत्येक बाजूने ३७ सेंमी कमी. एकदम कापू नका. टोक मागे दुमडून त्याच तारेवर घट्ट पिळा, पुन्हा मोजा, जमलं की मगच कापा. ढोबळ हिशेब असा ठेवा : दोन्ही बाजूंनी १४ सेंमी कमी केलेत की १०० किलोहर्ट्झ वर.

हे सगळं झाल्यावर संचाकडेही एक नजर टाका. हैदराबादच्या अशर फरहान यांच्या या बिटएक्स मंडलात (सर्किटमध्ये) शेवटच्या टप्प्याला आयआरएफ५१० मॉसफेट असतो आणि त्याची शक्ती पुरवठ्याच्या व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. बारीक वायरमुळे बोलताना १३.८ चे ११ व्होल्ट होत असतील तर एक तृतीयांशाहून जास्त शक्ती तिथेच गेली. व्होल्टेज पुरवठ्याच्या टोकाला नव्हे, संचाच्या बोर्डवर आणि माइक दाबून बोलत असताना मोजा.

प्रश्न : चौथ्या मजल्यावर राहतो. सोसायटी गच्चीवर खांब उभारू देत नाही, पण बाल्कनीतून समोरच्या झाडापर्यंत एक तार न्यायला हरकत नाही. डायपोलला मधोमध केबल लोंबणार, ती त्यांना नको. मग काय करता येईल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : टोकाकडून जोडलेली अर्ध-तरंग तार लावा. लांबी तीच, सुमारे २० मीटर, पण केबल बाल्कनीतल्या टोकालाच लागते. अडचण एवढीच की टोकाशी अवरोध (इंपीडन्स) अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि केबल ५० ओहमची. मध्ये ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो.

१० वॅटपर्यंत एफटी१४०-४३ टोरॉइड (कड्याच्या आकाराचा फेराइटचा कोर) पुरतो. ०.८ मिमी इनॅमलची तांब्याची तार घ्या. दुय्यम म्हणजे तारेकडच्या बाजूला १४ वेढे, प्राथमिक म्हणजे केबलकडच्या बाजूला २. प्राथमिकचे २ वेढे दुय्यमच्या पहिल्या २ वेढ्यांबरोबर पिळून एकत्रच गुंडाळायचे. दोन्हींचं एक टोक सामाईक, तेच कनेक्टरच्या बाहेरच्या भागाला जोडायचं. प्राथमिकच्या दोन टोकांमध्ये १०० पिकोफॅरडचा १ किलोव्होल्टचा कपॅसिटर. वेढा मोजायची रीत लक्षात ठेवा, तार भोकातून एकदा गेली की एक वेढा. बाहेरून मोजणारे हमखास एकाने चुकतात, आणि दोनातला एक वेढा चुकला की गुणोत्तर पार बदलतं.

तार लावण्यापूर्वी दुय्यम बाजूला २.२ किलो-ओहम आणि २२० ओहमचे कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर मालिकेत जोडून एसडब्ल्यूआर बघा. ७ मेगाहर्ट्झला दीडच्या आत आला पाहिजे. न आल्यास आधी इनॅमल नीट खरवडलं का ते तपासा, नंतर टोरॉइडवर संशय घ्या. जुन्या एसएमपीएसमधून (संगणकाच्या वीजपुरवठ्यातून) काढलेला पिवळा किंवा हिरवा कोर ‘फेराइटच आहे’ म्हणून वापरू नका. ते बहुतेक लोहचूर्णाचे असतात आणि इथे निरुपयोगी ठरतात.

केबलवर बाल्कनीपासून २ मीटर आत चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारं वेटोळं) घाला. तो कसा करायचा ते पुढच्या एका उत्तरात आहे. ते २ मीटर या अँटेनाची दुसरी बाजू म्हणून काम करतात, म्हणून चोक अगदी ट्रान्सफॉर्मरला चिकटवून लावायचा नाही. ७ वॅटला टोकाशी १३० व्होल्टच्या आसपास दाब असतो. बाल्कनीच्या लोखंडी जाळीपासून तार हातभर लांब ठेवा आणि ट्रान्सफॉर्मर प्लॅस्टिकच्या डब्यात बसवा. हीच तार १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झलाही बऱ्यापैकी चालते, हा वरचा लाभ.

तार इमारतीला समांतर खाली सोडू नका. लिफ्टचा ड्राइव्ह, जिन्यातले एलईडी दिवे, प्रत्येक घरातला चार्जर, सगळ्यांची खरखर त्यात भरते. इमारतीपासून जितकी दूर आणि काटकोनात जाईल तितकं बरं.

प्रश्न : माझा एसडब्ल्यूआर ६.५ पासून ७.५ पर्यंत सगळीकडे १.२ आहे. इतकी चांगली अँटेना असूनही कोणी उत्तर देत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : इतका सपाट एसडब्ल्यूआर हीच तक्रार समजा. २० मीटर तारेचा डायपोल ७.० ते ७.२ च्या दरम्यानच स्पष्ट बदल दाखवतो आणि ६.५ ला तर मीटर ओरडायला हवा. ५० ओहमचा डमी लोडही (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) सगळीकडे १.० दाखवतो आणि आवाज खोलीबाहेर जात नाही. तुमच्या केबलमध्ये किंवा बॅलनमध्ये (केबल आणि डायपोल यांच्यामधल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये) तसाच काहीतरी प्रकार आहे.

केबल वरून सोडवा, वरचं टोक उघडं ठेवा आणि खालून ७ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर मोजा. हे नॅनो-व्हीएनएसारख्या छोट्या मापकाने करा, ट्रान्समीटरने नको, शेवटचा ट्रान्झिस्टर जाईल. २० मीटर चांगल्या आरजी-५८ केबलमध्ये एका दिशेने सुमारे ०.८ डेसिबल जातात, त्यामुळे उघड्या टोकाला एसडब्ल्यूआर १० च्या आसपास दिसायला हवा. ३ किंवा त्याहून कमी दिसला तर केबलच शक्ती गिळते आहे. केबलची जाळी (मधल्या तारेभोवतीचं तारांचं वेष्टण) काळी पडली असणार किंवा आत पाणी गेलं असणार. १० च्या जवळ दिसला तर दोष वर आहे : बॅलनचा कोर चुकीचा किंवा वेढ्यांत शॉर्ट.

एसडब्ल्यूआरच्या मागे किती लागायचं यालाही मर्यादा आहे. १.५ ला ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५. दोनचा सव्वा करण्यात रविवार घालवण्यापेक्षा अँटेना २ मीटर वर चढवा.

मापकाबद्दल एक सूचना. नॅनो-व्हीएनए दर वेळी उघडं, शॉर्ट आणि ५० ओहम या तीन टोप्यांनी जुळवून घ्यावा लागतो, आणि तोही मोजणार त्याच वारंवारतेच्या टप्प्यात. टप्पा बदलला की पुन्हा जुळवणी. हे टाळलं तर आकडे सुरेख येतात आणि खोटे येतात.

प्रश्न : दर पावसाळ्यात अँटेना बिघडते. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पाणी डायपोलच्या मध्यबिंदूतून शिरतं. केबलचं सोललेलं टोक वर उघडं असलं की जाळी वातीसारखं पाणी ओढते आणि ते मीटर-दोन मीटर आत जातं. जोड खाली तोंड करून ठेवा. त्यावर आधी स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि तिच्यावर साधी पीव्हीसी टेप. नुसती पीव्हीसी टेप उन्हाने महिन्या-दोन महिन्यांत सुटते. सिलिकॉन लावायचंच असेल तर व्हिनेगरचा वास येणारं नको, त्यातलं आम्ल तांब्याला हिरवं करतं. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल. खाऱ्या वाऱ्यात उघडी तांब्याची तार टिकत नाही, आवरणाची वापरा. भिजलेली केबल वाळवून परत वापरायचा मोह टाळा.

प्रश्न : माइकला हात लावला की एसडब्ल्यूआर बदलतो, बोलताना लॅपटॉप अडकतो आणि घरातला पंखा आवाज करतो. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुमच्या केबलची बाहेरची बाजूच अँटेना झाली आहे. डायपोलच्या दोन्ही बाहूंत प्रवाह सारखा हवा. केबल थेट जोडली की जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागाला तिसरा बाहू व्हायची मुभा मिळते. मग प्रसारणाचा एक हिस्सा तुमच्या टेबलावरच सांडतो आणि ऐकताना घरातली सगळी खरखर त्याच वाटेने रेडिओत शिरते.

उपाय चोकचा. एफटी२४०-४३ टोरॉइडवर आरजी-५८ केबलचे १० ते १२ वेढे घाला आणि तो डायपोलच्या मध्यबिंदूशीच बसवा. १० वॅटच्या आत काम असेल तर एफटी१४०-४३ वर बारीक आरजी-३१६ चे ११-१२ वेढे पुरतात, वजनही कमी. टोरॉइड मिळत नसेल तर साडेचार मीटर आरजी-५८ चे २४ सेंमी व्यासाचे ६ वेढे एकाशेजारी एक ठेवून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधा. ७ मेगाहर्ट्झपुरता हा फुकटचा चोक कामाचा आहे, इतर पट्ट्यांवर त्याचा भरवसा नाही. वेढे गोधडीसारखे एकावर एक गुंडाळले तर पहिला आणि शेवटचा वेढा शेजारी येतात आणि चोक निकामी होतो.

मॉनिटरच्या केबलवरून काढलेला एक फेराइटचा मणी लावून भागत नाही. कोरमधल्या चोकचा अवरोध वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून एका मण्यातून एकदा गेलेल्या केबलपेक्षा एका कोरवरचे १० वेढे कितीतरी भारी पडतात. चोक लावल्यावर अनुनाद थोडा सरकेल. घाबरू नका, आधी तुम्ही डायपोल अधिक केबल असं मोजत होतात, आता फक्त डायपोल मोजता आहात.

प्रश्न : दुपारी अमरावती, अकोला, वर्धा स्पष्ट. रात्री नऊनंतर तेच गायब, आणि परदेशी केंद्रं गर्दी करतात. अँटेनाची दिशा बदलू का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : अँटेना ठीक आहे, आकाश बदलतं. १०० ते ४०० किलोमीटरचा संपर्क ७ मेगाहर्ट्झला जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबराच्या (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाच्या) एफ थरावरून परतणाऱ्या लहरींवर चालतो. कमी उंचीचा डायपोल नेमका वरच फेकतो, त्यामुळे दिवसा तो जवळच्यासाठी उत्तम. रात्री थरातले आयन घटतात, सरळ वर गेलेली ७ मेगाहर्ट्झची लहर पार निघून जाते आणि फक्त तिरकी गेलेली परतते, तीही दूर कुठेतरी. मधला पट्टा मुका राहतो. रात्री जवळच्यांशी बोलायचं तर ३.५ मेगाहर्ट्झला उतरा. तिथे तार दुप्पट, सुमारे ४० मीटर. ७ वरच राहायचं असेल तर संध्याकाळी लवकर ठरवून बोला.

ऐन दुपारी सगळंच मंदावलेलं वाटलं तर तो खालचा डी थर, तो लहर शोषतो. सकाळी ८ ते १० आणि दुपारी ४ नंतर पुन्हा उठाव येतो.

प्रश्न : १४५ मेगाहर्ट्झवर १ वॅटचा एफएम संच बनवला. संचावरच्या रबरी अँटेनाने ३ किलोमीटरही जात नाही. गच्चीवर काय लावू? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : चतुर्थांश-तरंगाची उभी काडी आणि खाली चार उतरत्या काड्या. एसओ-२३९ सॉकेट घ्या, मधल्या पिनला २ मिमी जाडीची तांब्याची किंवा पितळेची काडी डाखा (सोल्डर करा), सॉकेटच्या चार कोपऱ्यांच्या भोकांत स्क्रूने चार काड्या कसा. उभी काडी ५१ सेंमीने सुरू करा, शेवट ४९ च्या आसपास होईल. १ सेंमी कापला की अनुनाद सुमारे ३ मेगाहर्ट्झ वर जातो, म्हणून शेवटी कानसच वापरा. खालच्या काड्या ५२ सेंमी. त्या आडव्या ठेवल्या तर अवरोध ३६ ओहमच्या जवळ राहतो, ४५ अंश खाली वाकवल्या की ५० च्या जवळ येतो.

केबलकडे इथे खरं लक्ष द्या. ७ मेगाहर्ट्झला जी आरजी-५८ निरुपद्रवी होती, तीच १४५ ला २० मीटरमध्ये ४ डेसिबल खाते. १ वॅटचे वर ०.४ वॅट पोचले. आरजी-२१३ ला तेवढ्याच लांबीत १.८ डेसिबल, म्हणजे ०.६६ वॅट. टीव्हीची आरजी-६ केबल ७५ ओहमची असली तरी आरजी-५८ पेक्षा बरी. तिची जाळी अॅल्युमिनियमची, तिला डाख (सोल्डर) लागत नाही, दाबून बसवायचा एफ कनेक्टरच वापरावा लागतो.

या पट्ट्यात उंची म्हणजेच पल्ला. रेडिओ-क्षितिजाचं सूत्र : किलोमीटर = ४.१२ गुणिले उंचीचं वर्गमूळ, उंची मीटरमध्ये, दोन्ही ठिकाणचं वेगळं काढून बेरीज. ९ मीटरवरची अँटेना १२ किलोमीटर देते, दोन्हीकडे ९ मीटर असेल तर जवळपास २५. सिंहगडासारखी पायथ्यापासून सातशे-साडेसातशे मीटर उंच जागा एकटीच शंभराहून जास्त. पण मध्ये डोंगराची सोंड आली की सूत्र बाजूला ठेवायचं. अशा वेळी वॅट वाढवण्यापेक्षा जागा बदलणं स्वस्त पडतं. दोन्ही अँटेना उभ्याच हव्यात. एक उभी, एक आडवी असेल तर २० डेसिबलपर्यंत फटका बसतो.

प्रश्न : शाळेसाठी मुलांनी एका ट्रान्झिस्टरचा एफएम ट्रान्समीटर बनवला आहे. ९८ मेगाहर्ट्झवर शाळेच्या आवारात ऐकू येतो. आसपासच्या दोन गावांपर्यंत पोचवायला कोणती अँटेना लावावी? (एक शिक्षक, बीड)

उत्तर : कोणतीही नाही. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ हा परवानाधारक प्रसारणाचा पट्टा आहे आणि हॅमचा परवानाही तिथे चालत नाही. हे नुसतं कागदी कारण नाही. एका ट्रान्झिस्टरचं मंडल अँटेनाच्या हालचालीने आणि तापमानाने सरकतं, त्याला गाळणी नसते आणि १०८ च्या लगेच वर विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो. अँटेना जितकी चांगली, तितका उपद्रव लांबवर. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरचं असंच एक घरगुती, लोकांना फार आवडलेलं एफएम केंद्र २००६ मध्ये परवान्याअभावी बंद झालं.

गावांपर्यंत पोचायचंच असेल तर संस्थेच्या नावाने सामुदायिक रेडिओचा परवाना मिळतो. शैक्षणिक संस्था, कृषी विज्ञान केंद्रं, नोंदणीकृत सामाजिक संस्था अर्ज करू शकतात, व्यक्ती नाही. प्रभावी शक्तीची मर्यादा १०० वॅट आणि अँटेनाची उंची जास्तीत जास्त ३० मीटर. साताऱ्यातल्या म्हसवडचं ‘माणदेशी तरंग’ किंवा पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ ही चालती उदाहरणं, एकदा मुलांना घेऊन जाऊन या. मुलांचं मंडल वाया जायचं कारण नाही, तीच मुलं बारा वर्षांची झाली की एएसओसीला बसू शकतात.

प्रश्न : विहिरीची पाणीपातळी आणि मोटरची स्थिती घरी कळावी म्हणून लोरा (कमी शक्तीत लांबवर छोटे निरोप पाठवणारी रेडिओ पद्धत) मॉड्यूल जोडून यंत्र बनवलं. अंतर १ किलोमीटर. उन्हाळ्यात छान चाललं, ऑक्टोबरपासून निरोप येत नाहीत. मध्ये आमचाच ऊस आहे. (एक शेतकरी वाचक, बारामती)

उत्तर : कारण तुम्हीच लिहिलं आहे. पाण्याने भरलेली पानं ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरी शोषतात, आणि ऊस पुरुषभर होता तेव्हा वरून जाणारी लहर आता तीन-सव्वातीन मीटर उंच उसातून जाते.

‘नजरेत नजर’ म्हणजे दोन अँटेनांमधली सरळ रेषा मोकळी असणं पुरत नाही, लहरीला आजूबाजूची जागाही लागते. १ किलोमीटरच्या मध्यावर या वारंवारतेला ती जागा सरळ रेषेभोवती ९.३ मीटर त्रिज्येची असते आणि तिच्यातली ६० टक्के तरी, म्हणजे साडेपाच मीटर, मोकळी हवी. ऊस सव्वातीन मीटर धरला तर मध्यावर रेषा जमिनीपासून पावणेनऊ मीटरवर पाहिजे. विहिरीवर एवढा खांब परवडत नाही, म्हणून घराकडची अँटेना १२ मीटरवर न्या आणि विहिरीवरची साडेपाच मीटरवर. मध्य आपोआप जमतो.

पण खांबावर चढवताना केबल लांबवू नका. मॉड्यूलबरोबर येणारी बारीक आरजी-१७४ या वारंवारतेला दर मीटरला सुमारे १ डेसिबल खाते, ५ मीटर केबलमध्ये दोन तृतीयांश शक्ती संपते. मॉड्यूलच डब्यासकट वर चढवा आणि वरून खाली फक्त वीज आणि सेन्सरची वायर आणा. डबा प्लॅस्टिकचा घ्या. पत्र्याच्या डब्यात स्प्रिंगची अँटेना कोंबलेली यंत्रं सर्रास दिसतात आणि ती घरच्या ओट्यापर्यंतही पोचत नाहीत.

ती स्प्रिंगही बदला. पुष्कळदा ती ४३३ किंवा ९१५ साठी वेटोळलेली असते आणि तसं लिहिलेलं नसतं. ८२ मिमी सरळ तांब्याची तार उभी आणि तिच्या तळाशी ८६ मिमीच्या चार उतरत्या तारा, ही कोल्हापूरच्या वाचकाला सांगितलेली अँटेनाच लहान केलेली, उत्तम चालते. तयार काडी विकत घेणार असाल तर कनेक्टर बघून घ्या. वायफायच्या अँटेनांना आरपी-एसएमए, म्हणजे एसएमएचाच उलट्या पिनचा प्रकार असतो. तो एसएमए सॉकेटवर आटे धरून घट्ट बसतो, पण मधे पिनला पिन मिळत नाही किंवा दोन्हीकडे भोकच राहतं, आणि यंत्र अँटेनाविना चालत राहतं. तसं चाललं तर मॉड्यूलचा शेवटचा टप्पा जाण्याची भीती असते. बोर्डवरचं चिमुकलं यू.एफएल बटण वारंवार काढू-लावू नका, ते थोड्याच वेळा टिकतं.

यानंतरही अधूनमधून निरोप हुकत असतील तर प्रोग्रॅममधला स्प्रेडिंग फॅक्टर (निरोप किती सावकाश पाठवायचा तो आकडा) ७ वरून १० करा. प्रत्येक पायरीला सुमारे अडीच डेसिबल मिळतात आणि निरोपाचा वेळ जवळपास दुप्पट होतो. पाणीपातळी पंधरा मिनिटांनी एकदा कळली तरी पुरते, त्यामुळे हा सौदा फायद्याचा. दोन्हीकडे तोच आकडा टाकायला विसरू नका. वारंवारता ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या आतच ठेवा, तिथे ठरलेल्या शक्तीपर्यंत परवाना लागत नाही. परदेशी प्रोग्रॅम जसाच्या तसा भरला तर तो बहुधा ८६८ किंवा ९१५ वर चालू होतो, त्यातली ओळ बदलून ८६६ करा.

प्रश्न : वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा केबलचं टोक काचेच्या बरणीत ठेवतो. पुरेसं आहे ना? (एक वाचक, लातूर)

उत्तर : नाही. ढगापासून जमिनीपर्यंत उडी मारणाऱ्या विजेला बरणीची काच आडवी येत नाही. ढग दिसायला लागताच केबल संचापासून सोडवा आणि तिचं टोक खिडकीबाहेर सोडा, खोलीत नको. खांब सरळ, कमीत कमी वळणाच्या जाड पट्टीने जमिनीत ठोकलेल्या सळीला जोडा आणि ती सळी घराच्या अर्थिंगशी जोडलेली हवी. कोरड्या धुळीच्या वाऱ्यातही तारेवर स्थिर वीज साठते आणि संचाचा पहिला टप्पा मारते. त्यासाठी केबलची मधली तार आणि जाळी यांच्यामध्ये १०० किलो-ओहमचा २ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावून ठेवा, प्रसारणावर त्याचा परिणाम होत नाही. खांब कुठेही पडला आणि तार कुठेही तुटून उडाली तरी महावितरणच्या वाहिनीला लागणार नाही इतकं अंतर उभारण्याआधीच मोजून घ्या.